आधी बोट, मग पाणी

"मातीत बोट घातल्याशिवाय पाणी घालायचं नाही," असं आत्यांनी बजावलं होतं, आणि बटणच्या आईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

तशी ती ऐकणाऱ्यांतली. डॉक्टरांचं ऐकायची, सासूबाईंचं ऐकायची, फोनवरून सल्ले वाटणाऱ्या अनोळखी बायकांचंसुद्धा ऐकायची. पण हे बोटाचं प्रकरण तिच्या गळी उतरेना. बटण म्हणजे तिची लेक. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री दुसरं काहीतरी छान होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. तर ही बटण त्या दिवसांत हाताला लागेल ते तोंडात घालायची, आणि तिची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे आईची बोटं. जंतुनाशक चोळून चोळून त्या बोटांच्या साली निघाल्या होत्या. ती बोटं ओल्या मातीत खुपसायची आणि मग त्याच हाताने लेकीला उचलायचं? काहीतरीच.

आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्या, सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. उभा जन्म हाडांच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालण्यात गेला. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणायच्या, "सवडच झाली नाही. लोक सारखे पडत होते." निवृत्तीनंतर त्या पलीकडच्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर एकट्या राहत. लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरणारे, तरी घर सोडायचं नाव नाही. कारण एकच: स्वयंपाकघरामागच्या पायऱ्या चढलं की गच्ची होती, आणि गच्चीवर त्यांची झाडं. बशीएवढ्या कुंड्यांतली, वीतभर उंचीची, पण खोडाकडे पाहिलं तर वाटावं की यांच्या सावलीला गुरं बसत असतील.

दर आठवड्याला बटणला घेऊन ती आत्यांकडे जायची. घरातून तेवढंच बाहेर पडणं. एकदा बटण आत्यांच्या पलंगावर झोपली होती, आणि ही बोलता बोलता सारखी उठून आत जात होती. आत्या बघत होत्या.

"काय करून येतेस गं सारखी?"

"काही नाही. बघून येते."

"काय बघतेस ते विचारतेय."

तिने जरा ओशाळून सांगितलं. ती झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून बघायची. श्वास लागला बोटाला की परत यायची. मग थोड्या वेळाने वाटायचं, तेव्हा चालू होता, पण आता?

आत्या हसल्या नाहीत. त्या तिला गच्चीवर घेऊन गेल्या आणि कोपऱ्यातली एक साधी काळी कुंडी पुढे ओढली. त्यात फायकसचं एक रोप होतं. वडाच्याच जातीतलं, पण पानं लहान, चकचकीत. अजून त्याला कसलाही आकार नव्हता. आंघोळ करून केस न विंचरता आलेल्या पोरासारखं ते दिसत होतं.

"हे घे. एकाच जिवाकडे इतकं टक लावून बघितलंस तर तोही घाबरेल आणि तूही. नजर जरा वाटून टाक."

"आत्या, मला नाही जमायचं. माझ्या हातून मनीप्लांटसुद्धा मेलंय."

"माझ्या हातून पहिली चार गेली. बस खाली."

मग पहिला धडा झाला. आत्यांनी कुंडी फिरवत ठेवली. "झाडाला तोंड असतं. कुठल्या बाजूने ते आपल्याकडे बघतंय ते आधी शोध. मग बाकीचं." तिने शोधलं. तिला प्रत्येकच बाजूने ते आपल्याकडे बघतंय असं वाटलं. आत्या म्हणाल्या, "ते तुझ्या स्वभावानुसार झालं," आणि खोड जिथे किंचित पुढे झुकत होतं ती बाजू दाखवली.

त्यानंतर तार गुंडाळायची होती. ॲल्युमिनियमची मऊ तार, फांदीभोवती तिरपी फिरवत न्यायची. फार सैल नाही, फार आवळून नाही. मग दोन्ही अंगठे फांदीला टेकवून ती हळूहळू खाली वाकवायची.

"मोडली तर?"

"मोडायच्या आधी सांगते ती. कुरकुरली की थांबायचं. माझ्या पेशंटांसारखी नाही, आधी पडायचं आणि मग बोंबलायचं."

फांदी वाकली. मोडली नाही. आडवी, थोडी खाली झुकलेली, जणू कुणासमोर हात पुढे केलाय. तिला एकदम वाटलं, हे मी केलं.

आता एकच काम उरलं होतं. खोडाच्या एकाच जागेवरून दोन फांद्या फुटल्या होत्या, अगदी चिकटून. त्यातली एक जायला हवी होती. दोन्ही ठेवल्या तर तिथे खोड फुगतं, बेढब दिसतं. आत्यांनी कात्री तिच्या हातात दिली. ती बघत राहिली. डावी बघितली, उजवी बघितली. दोन्ही तजेलदार होत्या. दोघींनीही तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

"राहू दे," आत्यांनी कात्री परत घेतली. "घरी ने, बघत बस. एक दिवस तुझं तुलाच कळेल. तार मात्र विसरू नकोस. झाड जाड होतं, तार होत नाही. प्लॅस्टरचंही तसंच, घालणं सोपं, वेळेवर काढणं महत्त्वाचं. आणि पाण्याचं सांगते ते नीट ऐक. घड्याळाला विचारायचं नाही, फोनला विचारायचं नाही. तिच्या नाकाखाली बोट धरतेस ना? तेच बोट मातीत घालायचं, दोन पेरं आत. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर गप्प बसायचं. आधी बोट, मग पाणी."

"हो आत्या," ती म्हणाली. आणि त्या 'हो'चं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

झाड घरी आलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलं. ऊन यायचं, वारा यायचा, आणि घरातला प्रत्येक जण दिवसातून कितीदा तरी तिथून जायचा. कठड्यावर डाग पडू नयेत म्हणून तिने कुंडीखाली एक छानशी निळी बशी ठेवली. फोनवर सकाळ-संध्याकाळचा गजर लावला. मातीत हात घालायची गरजच नाही. गजर वाजला की कपभर पाणी, एकदम शास्त्रशुद्ध.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवणं-उतरवणं हाच त्याचा दिवस. त्याने वाकून झाड बघितलं. "हे बघायला किती नंबरचा चष्मा लागेल?"

"चेष्टा करू नकोस. जीव आहे तो."

"जीव आहे म्हणूनच विचारतोय. दिसला नाही तर पाय पडायचा."

सासूबाई म्हणाल्या, "वन्संनी आपलं झाड दिलं म्हणजे नवलच. मला एवढ्या वर्षांत पानसुद्धा दिलं नाही." वन्सं म्हणजे आत्या. या नणंदा-भावजया एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय राहायच्या नाहीत, आणि एकमेकींची आठवण काढल्याशिवायही. सासऱ्यांनी काही म्हटलं नाही. ते रोज फेरफटका मारून आले की खिडकीशी उभे राहून झाडाकडे बघत, तसे ते हल्ली फारसं कशाकडे बघत नसत.

पहिले काही आठवडे झाड झकास होतं. नवी पानं आली, तिने फोटो काढले, आत्यांना पाठवले. मग एक पान पिवळं पडलं. एक पान म्हणजे काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी आणखी पडली. तिने फोनवर वाचायला सुरुवात केली, आणि तुम्हाला ठाऊकच असेल, फोनवर वाचलं की पिवळ्या पानाला हजार कारणं सापडतात आणि प्रत्येक कारण आपलंच वाटतं. तिने कपाऐवजी दीड कप पाणी घालायला सुरुवात केली. तहानलं असेल बिचारं.

पानं गळतच राहिली. सकाळी खिडकीत उभं राहिलं की आधी कठड्यावर किती पडलीत ते नजरेत भरायचं. मातीला एक कुबट वास यायला लागला, तळ्याकाठी येतो तसा. तिने आत्यांना फोन करायला हवा होता. तिने बोट उचललं, नावावर नेलं, आणि फोन ठेवून दिला. काय सांगणार? तुम्ही विश्वासाने दिलेला जीव मी घालवत आणलाय? मला एक झाड सांभाळता येत नाही आणि माझ्या कडेवर लेकरू आहे?

म्हणून ती आत्यांकडे जायची थांबली. अगदी ठरवून नाही. एका आठवड्यात बटणला सर्दी होती, ते खरं होतं. पुढच्या आठवड्यात सर्दी बरी झाली होती, तरी ती तीच सांगितली. 'झाड जरा सावरलं की जाऊ' असं म्हणता म्हणता दिवस सरकत गेले.

मध्ये आत्यांचा निरोप आला फोनवर. "झाड कसं आहे? फोटो पाठव."

तिने घाबरून जुने फोटो चाळले, सगळ्यात हिरवा होता तो पाठवून दिला. "मस्त आहे आत्या. तुम्ही कशा आहात?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "मीही मस्त."

ती सुटल्यासारखी झाली. त्या 'मस्त'कडे तिने पुन्हा वळून बघितलंसुद्धा नाही.

बटणची लस टोचून घ्यायची होती, त्या दिवशीची गोष्ट. दवाखान्याचा रस्ता आत्यांच्या गल्लीतून जायचा. बाबागाडी ढकलत ती भराभर चालली होती, मान खाली घालून. शाळेत गृहपाठ न केलेली मुलं बाईंच्या घरासमोरून जातात तशी. पण इमारतीपाशी आल्यावर तिच्याने राहवलं नाही. तिने वर बघितलं.

गच्चीचा कठडा तिच्या ओळखीचा होता. त्यावरून आत्यांच्या झाडांचे हिरवे शेंडे नेहमी खाली डोकवायचे, बायका खिडकीतून गप्पा मारतात तसे. आज तिथे हिरवं काही नव्हतं. तपकिरी होतं. वाऱ्यावर वाळलेल्या पानांचा पुंजका हलत होता आणि एक पान गिरक्या घेत तिच्या पायाशी आलं. तिने ते उचललं. बोटांत धरताच त्याचा चुरा झाला.

आता इतक्या आठवड्यांत पिवळी पानं बघून बघून तिचे हात पानं ओळखायला शिकले होते. तिच्या झाडाची पानं मऊ पडून गळत होती. हे पान तसं नव्हतं. हे कोरडं होतं. आणि या जगात एक वेळ सूर्य उगवायचा विसरेल, पण आत्यांची झाडं कोरडी पडणार नाहीत.

तिने बाबागाडी जिन्याखाली सोडली, बटणला कडेवर घेतलं आणि पायऱ्या चढायला लागली. प्रत्येक मजल्यावर तिच्या मनाने एकेक भयंकर गोष्ट रचली. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती आणि बटणला गंमत वाटत होती.

दाराला कडी लावलेली नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, भांडी वाळून गेलेली, आणि पलंगावर आत्या. एका कुशीवर, तोंड थोडं उघडं, ओठांवर पांढऱ्या सालीचे पापुद्रे. एका पायाला बॅंडेज, घोट्यापासून वरपर्यंत, इतकं सुबक की दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. पलंगाशेजारी एक लाकडी खुर्ची पाठमोरी ठेवलेली, ढकलत ढकलत चालण्यासाठी.

"आत्या."

हालचाल नाही.

तिने बटणला दुसऱ्या कडेवर घेतलं, वाकली, आणि आत्यांच्या नाकाखाली बोट धरलं.

किती वेळ धरलं कोण जाणे. मग बोटाला लागला. गरम, बारीक, पण होता.

"आहे अजून," डोळे न उघडता आत्या म्हणाल्या. "हात धुतलेस का? वास येतोय दवाखान्याचा."

ती मटकन पलंगाच्या कडेला बसली. तिला हसायचं होतं की रडायचं ते तिचं तिलाच समजेना, म्हणून तिने उठून आधी पाणी आणलं. आत्यांनी दोन घोट घेतले आणि पेला बाजूला केला.

"प्या ना अजून."

"नको गं. प्यायलं की उठावं लागतं. उठलं की ती खुर्ची ढकलत न्हाणीघरापर्यंत वरात काढावी लागते. त्यापेक्षा कमीच पिते."

"कधी पडलात?"

"झाले बरेच दिवस. गच्चीच्या पायरीवरून पाय सरकला. मुरगळलाय, बस. मी बघितलं ना. हजारो बघितलेत. डबेवाला डबा आत सरकवून जातो, म्हणून दार नुसतं लोटून ठेवते."

"पण कुणाला कळवायचं तरी."

"तुझी पोर आजारी होती. दादाला जिना चढवत नाही. वहिनींना सांगितलं असतं तर आयुष्यभर ऐकवलं असतं." मग त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट बघितलं. "आणि तू फोटो पाठवलास ना तो जुना होता. मागे दोरीवर बटणचं पिवळं झबलं होतं. ते तिला कधीचंच होत नाही. म्हटलं, पोरगी टाळतेय. येईल तेव्हा येईल."

तिने बटणचं झबलं उगाचच खाली ओढून नीट केलं.

"जाऊ दे. तू जुना फोटो पाठवलास, मी जुनी तब्येत कळवली. फिटंफाट."

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "अगं, पण तू जात होतीस ना त्यांच्याकडे?" दुकानात नवरा म्हणाला, "मला वाटलं आई रोज बोलते तिच्याशी." सासऱ्यांना वाटलं होतं की सगळेच जातायत, आपल्यालाच कुणी सांगत नाही.

डॉक्टर आले, आत्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं, पायाचा फोटो निघाला. मुरगळला नव्हता. हाडाला बारीक तडा गेला होता. पण डॉक्टरांना पायाची एवढी काळजी नव्हती. ते म्हणाले, पाय जुळेल, पण अंगातलं पाणी इतकं कमी झालंय की आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते तर मूत्रपिंडांनी संप केला असता, आणि मग मी इथे उभा राहून वेगळं काहीतरी सांगत असतो. प्लॅस्टर घालणारा तरुण आत्यांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. आत्यांनी सलाईन लावलेल्या हाताने त्याला घोट्याशी बोट टेकवून दाखवलं, "इथे कच्चं राहिलंय बघ," आणि त्याने ते निमूटपणे पुन्हा केलं.

आमच्याकडे चला, असं सगळे म्हणाले. आत्या म्हणाल्या, "माझी झाडं कोण बघेल?" आणि त्यावर कुणाचं काही चालेना. शेवटी आत्या आपल्याच घरी आल्या आणि बाकीचं घर आत्यांकडे आलं. सासूबाई चार दिवसांची पिशवी भरून मुक्कामालाच आल्या. आत्या म्हणाल्या, "वहिनी, पलंग एकच आहे." सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही भिंतीकडे सरका, वन्सं. तुमची घोरायची सवय मला तुमच्या भावावरून ठाऊक आहे."

जरा बसण्याइतकं बरं वाटल्यावर आत्यांनी फर्मान सोडलं. "ते झाड घेऊन या."

नवऱ्याने दुकानातून येताना आणलं. बटणची आई दाराआडच उभी राहिली. झाडावर आता मूठभरच पानं होती. तारेने वाकवलेली फांदी मात्र ऐटीत होती, पण तार सालीत रुतायला लागली होती.

आत्यांनी कुंडी मांडीवर घेतली, वास घेतला, दोन पेरं बोट मातीत घातलं. बाहेर काढलेलं बोट चिखलाने माखलेलं.

"पाणी कोण घालतं याला?"

"मी," ती पुढे झाली. "सकाळी आणि संध्याकाळी. मोजून."

"मोजून घातलेलं पाणी इतकं होत नाही. आणखी कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सासूबाई म्हणाल्या, "भाजी धुतलेलं पाणी तेवढं मी ओतायची. फुकट कशाला घालवायचं? आणि सुकत चाललं होतं बिचारं."

"तू पण?" नवरा म्हणाला. "मी जेवून उठलो की पेल्यातलं उरलेलं घालायचो. मला वाटलं हिला वेळ होत नसेल."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी फक्त फवारा मारायचो. फेरी मारून आलो की. धाकटीचं झाड म्हणून."

आत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की प्लॅस्टरचा पाय पलंगावर आपटला. सगळेच हसले, बटणही काही न कळता हसली. हसता हसता डोळे पुसत आत्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वाटणीचं पाणीसुद्धा त्यालाच गेलं म्हणायचं."

हसू हळूहळू ओसरलं. सासूबाई उठल्या, पेला भरला आणि आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो कधी नव्हे तो पूर्ण रिकामा केला.

मग वर्तमानपत्र पसरलं आणि कामाला सुरुवात झाली. आत्यांचा हात अजून थरथरत होता, म्हणून हात तिचे आणि जीभ आत्यांची. कुंडी उपडी केली. मुळं काळी, लिबलिबीत, ओढली की सुतासारखी हातात येणारी. "घाण वाटून घेऊ नकोस. बोटांनी चाचप. मऊ लागतं ते मेलेलं, टणक लागतं ते जिवंत." तिने चाचपलं. दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात होते, बटण शेजारी सासूबाईंच्या मांडीवर होती, आणि नवल म्हणजे तिला हात धुवायची आठवणही झाली नाही. काळ्या गुंत्याच्या आत खोलवर पांढरी, घट्ट मुळं सापडली. थोडीच, पण होती.

"आहेत," ती म्हणाली.

"असणारच. जगायची हौस असते त्याला. कुजलेली काप."

तिने कापली. मग तारेचे पक्कडीने तुकडे करून काढले. उलगडत बसलं तर फांदी मोडते, असं आत्यांनी सांगितलं. तार निघाली तरी फांदीवर वळ्यावळ्यांची खूण राहिली, मोजे काढल्यावर बाळाच्या पायावर राहते तशी. तिने त्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"जाईल का हे?"

"वाढता वाढता पुसट होईल. आता ती कात्री घे."

तिला कळलं कशाबद्दल ते. चिकटून आलेल्या त्या दोन फांद्या.

"खाली मुळं निम्मीही राहिली नाहीत," आत्या म्हणाल्या. "वर इतकं कुटुंब त्याला पोसवणार नाही. एक जाऊ दे. कुठली, ते तू सांग."

तिने कुंडी फिरवली. झाडाचं तोंड तिला आता विचार न करता सापडलं. एक फांदी तोंडासमोर आडवी येत होती. दुसरी बाजूला होऊन बाहेर जात होती, उजेडाकडे. इतके दिवस तिने दोघींकडे दोन फांद्या म्हणून बघितलं होतं. पूर्ण झाडाकडे बघितलंच नव्हतं. तिने कात्री लावली आणि दाबली. बारीकसा आवाज झाला. कापल्या जागी पांढरा चीक आला, दुधाचा थेंब येतो तसा, आणि तिने घाईने त्यावर बोट ठेवलं.

"येतं ते," आत्या हळूच म्हणाल्या. "आपोआप थांबतं. ओल्या फडक्याने टिप."

विटेचा चुरा आणि जाड वाळू घातलेल्या नव्या मातीत झाड बसलं. कुंडीखाली पाणी धरून ठेवणारी ती निळी बशी सासूबाईंनी चहाच्या कपाखाली लावून टाकली. झाड आत्यांच्याच खिडकीत ठेवायचं ठरलं, सावलीत. आता ते जगेल की नाही, असं तिने विचारलं, तर आत्या म्हणाल्या, "ते मला कसं ठाऊक? रोज येऊन बोट घालून बघ."

म्हणून ती रोज जायला लागली. गच्चीवरची झाडंही होती. काही गेली होती, बरीचशी वाचण्यासारखी होती. 'मला बघायला येऊ नका, मी काही प्रदर्शन नाही,' असं आत्यांनी सर्वांना बजावलं होतं, पण झाडांना पाणी घालायला यायला त्यांची हरकत नव्हती. त्यामुळे सासूबाई गच्चीवर जाताना वाटेत सहज पेला भरून ठेवत. नवरा दुकान बंद करून वर यायचा आणि आत्यांच्या चष्म्याच्या काचा पुसून जायचा. सासरे एका जिन्याला तीनदा बसत बसत वर पोचायचे आणि बहिणीसमोर काही न बोलता अर्धा तास बसायचे. कोण काय करतं ते आता सगळे एकमेकांना सांगत. घरात त्या विषयावर इतकी बडबड व्हायची की नवरा म्हणायचा, आपण पाण्याचं खातं उघडलंय.

आणि बटणची आई आली की आधी हात धुवायची, मग बोट मातीत घालायची, मग पुन्हा हात धुवायची. अजून धास्ती गेली नव्हती. ती एका झाडाने जाण्यातली नव्हती. पण ओलं लागलं तर ती खरंच गप्प बसायची. ते तिला सगळ्यात अवघड गेलं.

प्लॅस्टर निघायच्या सुमारास, कापलेल्या जागेच्या जरा वर, खोडावर एक हिरवा ठिपका दिसला. तिने आत्यांना हाक मारली. आत्या काठी टेकत आल्या, सासूबाई त्यांच्या मागे, धरायला नको म्हणून सांगितलं असूनही धरायला. सगळ्यांनी वाकून बघितलं. बटणला उचलून दाखवलं. तिने अर्थातच तो तोंडात घालायचा प्रयत्न केला.

"फोटो काढ," नवरा म्हणाला.

"कशाला?" आत्या म्हणाल्या. "ज्याला बघायचंय तो येईल."

तर तुमच्याही घरात कुणीतरी अशी आत्या असेल. मावशी असेल, मामा असेल, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे कुणी गुरुजी असतील. ते 'मस्त आहे' म्हणतात, आणि तुम्हाला वाटतं की ताई जात असेल, भाऊ फोन करत असेल, शेजारी बघत असतील. एकदा त्या ताईला आणि भावाला विचारून तर बघा, त्यांना काय वाटतंय. किंवा तेही नको. हे वाचून झालं की चपला घाला आणि जिना चढून जा. फोटो मागवू नका. जवळ बसा, पेलाभर पाणी द्या, आणि ते पितात का ते बघून या.